विंचवाचं विष आणि रक्तदाबाची गोळी

विंचू उतरवणाऱ्या माणसाला मराठवाड्यात कधी कामाची वानवा पडली नाही. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत या पट्ट्यात घरं दगडमातीची, अंगणात कडब्याची गंजी, शेतावर आखाडा. अशा ठिकाणी उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पुन्हा सुगीच्या दिवसांत विंचू निघणारच. चावला की माणूस आधी भगताकडे जाई. भगत मंत्र म्हणे, पाला चोळे, अंगावरून हात उतरवी, आणि बहुतेक वेळा रात्र सरेपर्यंत माणूस शांत होई.

हे यश खोटं नव्हतं, त्याचं श्रेय मात्र चुकीच्या जागी जात होतं. विंचवाच्या बहुतेक दंशांत विष थोडंच शिरतं. ठणका विलक्षण असतो, पण तो दिवसभरात आपोआप ओसरतो. मंत्र म्हटला काय आणि नाही म्हटला काय, ही माणसं वाचणारच असतात. खरा घात होता तो उरलेल्या थोड्या रुग्णांचा. त्यांच्या बाबतीत निसर्गाने एक विचित्र गोष्ट करून ठेवली आहे. ज्याच्या अंगात विष खोलवर भिनलं आहे त्याला चावल्या जागी वेदना कमी असू शकते. तो घामाने निथळतो, ओकतो, त्याचे हातपाय गार पडतात, पण ‘दुखतंय का?’ विचारलं तर तो फारसं नाही म्हणतो. गावाच्या लेखी ठणका थांबला म्हणजे विष उतरलं. प्रत्यक्षात त्याच वेळी त्याचं हृदय संकटात सापडत असे. पहाटेपर्यंत धाप लागे, तोंडातून तांबूस फेस येई आणि धडधाकट पोर हातचं जाई.

सगळे विंचू असे नसतात. शेणाच्या ढिगाखाली सापडणारी मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिचं विष त्या मानाने सौम्य. जीव घेतो तो लहानखुरा, तांबूस रंगाचा लाल विंचू. शास्त्रज्ञ त्याला आधी ब्यूथस टॅमुलस म्हणत, पुढे मेसोब्यूथस टॅमुलस म्हणू लागले. कोकणापासून मराठवाड्यापर्यंत आणि खाली कर्नाटक, आंध्र, तामिळनाडूपर्यंत त्याचा वावर आहे. भारतातल्या विंचवांची शास्त्रीय नोंद करण्याचं मोठं काम परळच्या हाफकिन संस्थेत झालं. तिथल्या जे. एफ. कायस आणि कृ. श्री. म्हसकर या जोडीने १९३२ साली हिंदुस्थानातल्या विंचवांवर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. सर्पदंशावरच्या देशी वनस्पतींची प्रयोगशाळेत कसोटी घेणारीही हीच जोडी. एकही वनस्पती त्या कसोटीला उतरली नाही, आणि त्यांनी ते स्पष्ट छापलं. लोकांच्या श्रद्धेच्या विषयात इतकं सरळ लिहिणं त्या काळी सोपं नसणार.

विंचवाने माणूस मरतो तो कशाने, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशानंतर फुफ्फुसांत पाणी भरत असल्याचं टिपण छापलं. दोनच वर्षांनी त्रिनिदाद बेटावरून पून-किंग यांनी विंचूदंशात हृदयाच्या स्नायूला सूज येते असा लेख त्याच नियतकालिकात दिला. इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या बेरशेबा गावी मोशे गुएरोन नावाचे हृदयतज्ज्ञ तिथल्या पिवळ्या विंचवाच्या रुग्णांचे हृदयालेख काढत होते. जगाच्या तीन कोपऱ्यांतून एकच खूण मिळत होती: घाव पायाच्या बोटावर असला तरी मरण हृदयातून येतं. उपचार तरीही अंधारातच चालले होते. कुणी स्टेरॉइड देई, कुणी ॲट्रोपिन, कुणी डिजॉक्सिन, तर कुणी तीन औषधं मिसळून केलेलं ‘लिटिक कॉकटेल’ टोचून रुग्णाला झोपवी. त्यातली काही औषधं उपकारापेक्षा अपकारच करत होती.

१९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाला. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. डॉक्टरांचं नाव हिंमतराव साळूबा बावस्कर. ते मूळचे मराठवाड्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातले. पडेल ते काम करत शिकले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले. त्या खडतर शिक्षणाची कहाणी त्यांनी पुढे ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मचरित्रात लिहिली.

बिरवाडीला रात्री-अपरात्री विंचू चावलेली माणसं येत. भाताचे भारे उचलताना चावलेली, चपलेत पाय घालताना चावलेली, झोपेत चावलेली, आणि त्यांत मुलं बरीच. पाठ्यपुस्तकात विंचूदंशाला चार ओळीसुद्धा धड नव्हत्या. अशा केंद्रात नेमलेल्या नव्या डॉक्टरला दोन वाटा असत. चिठ्ठी लिहून रुग्ण शहराकडे धाडायचा, नाहीतर सलाइन लावून दैवावर हवाला ठेवायचा. बावस्करांनी तिसरी वाट काढली. ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले आणि दिसेल ते लिहू लागले. नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी सुटला, हातपाय गार कधी पडले, पुन्हा गरम कधी झाले. त्यांच्याजवळ रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, स्टेथोस्कोप होता आणि बोटं होती. औषधशास्त्रातल्या एका मोठ्या शोधाचा पाया याच वह्यांमध्ये घातला गेला, ही गोष्ट महाराष्ट्राने जरा जास्त अभिमानाने सांगायला हवी.

त्या नोंदींमधून एक क्रम दिसू लागला. चावल्यानंतर काही वेळातच काहींना भरभरून ओकाऱ्या होतात, अंग घामाने भिजतं, लाळ गळते, पुरुषांत आणि लहान मुलग्यांतही लिंगाला ताठरपणा येतो आणि हातपाय थंडगार पडतात. ही लक्षणं दिसली की समजावं, पुढच्या काही तासांत हृदय अडचणीत येणार. आधी रक्तदाब चढतो, नाडी धावते. मग फुफ्फुसांत पाणी भरतं आणि शेवटी रक्तदाब कोसळतो. हे निरीक्षण १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. महाड तालुक्यातल्या आरोग्य केंद्रातली निरीक्षणं जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय साप्ताहिकात पोहोचली. त्या लेखाचं महत्त्व असं की, कोण वाचेल आणि कोण दगावेल हे साधं बोट लावून आधीच ओळखता येतं, हे त्याने दाखवून दिलं. गार हात ही आता नोंदवायची, मोजायची खूण झाली.

रोग ओळखता आला तरी औषध अजून नव्हतं.

दरम्यान बावस्कर पुण्याच्या बी. जे. महाविद्यालयातून एम.डी. झाले आणि शहरात न थांबता पुन्हा त्याच डोंगराळ भागात, पोलादपूरला आले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही या कामात उतरल्या. पुढच्या जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधावर दोघांची नावं आहेत. आता त्यांच्यापुढचा प्रश्न औषधशास्त्राचा होता: हे विष शरीरात नेमकं कुठली कळ दाबतं?

लाल विंचवाच्या विषातली प्रथिनं मज्जातंतूंच्या टोकांवर असलेले सोडियमचे दरवाजे उघडे ठेवतात. दरवाजा मिटत नाही, म्हणून तंतू पुन्हा पुन्हा संदेश सोडत राहतो. सुरुवातीला ॲसिटिलकोलीन वाहतं. ओकारी, घाम, लाळ यांचं मूळ त्यात. पाठोपाठ ॲड्रेनलीन आणि नॉरॲड्रेनलीन यांचा लोंढा सुटतो आणि तो तासन्‌तास थांबत नाही. नॉरॲड्रेनलीन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंना आवळून धरतं. हातापायांच्या वाहिन्या मिटतात, म्हणून ते गार पडतात. तिथलं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि हृदयाला मिटलेल्या नळ्यांमध्ये ते पुन्हा रेटावं लागतं. वरून ॲड्रेनलीनचा मारा थेट हृदयाच्या स्नायूवर चालूच असतो. काही तासांत स्नायू दमतो, रक्त मागे तुंबतं आणि फुफ्फुसांत पाणी झिरपू लागतं. म्हणजे जीव घेणारं मुख्य विष विंचवाचं नाही, त्याने सोडलेली रुग्णाची स्वतःचीच संप्रेरकं जीव घेतात. वैद्यकात याला स्वायत्त मज्जासंस्थेचं वादळ म्हणतात.

हे एकदा लक्षात आलं की उपायाची दिशा ठरते. मिटलेल्या रक्तवाहिन्या उघडल्या पाहिजेत. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. शिरेतून थेंबथेंब दिल्यावर मिनिटांत परिणाम दाखवणारं हे औषध, आणि ज्यांची आशा सुटत चालली होती असे रुग्ण त्याने परत आले. पण ते आरोग्य केंद्राचं औषध नव्हे. उजेडात ते बिघडतं, म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळावा लागतो. दर काही मिनिटांनी रक्तदाब बघावा लागतो. थेंब जरा जास्त पडले तर रक्तदाब तळाला जातो. रात्री वीज गेलेल्या केंद्रात, एक डॉक्टर आणि एक परिचारिका असताना हे रोज निभावणं शक्य नव्हतं. तोंडाने देता येईल असं काही हवं होतं.

ते औषध बाजारात आधीपासून होतं, फक्त दुसऱ्याच रुग्णांसाठी. त्याची मुळं १९४८ पर्यंत मागे जातात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रेमंड अल्क्विस्ट या औषधशास्त्रज्ञाने मांडलं की ॲड्रेनलीनसारख्या संप्रेरकांना शरीरात दोन प्रकारची कुलपं असावीत. त्यांना त्याने अल्फा आणि बीटा अशी नावं दिली. औषधशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाने तो लेख परत पाठवला, तेव्हा त्याने तो शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात छापला. पुढे हृदयरोगाची कितीतरी औषधं याच कल्पनेतून निघाली. रक्तवाहिन्या आवळणारं कुलूप अल्फा जातीचं. ते अडवणारी प्राझोसिन ही गोळी फायझर कंपनीने तयार केली आणि १९७०च्या दशकाच्या मध्यावर ती उच्च रक्तदाबासाठी वापरात आली. उतारवयात ताठरलेल्या वाहिन्या सैल करण्यासाठी ती लिहून दिली जाई. पुढे वृद्ध पुरुषांच्या प्रोस्टेटच्या तक्रारींवरही याच जातीची औषधं चालू झाली.

म्हाताऱ्या माणसाच्या रक्तदाबाची ही गोळी बावस्करांनी विंचू चावलेल्या पोराला दिली. तर्क साधा होता. पोराच्या रक्तवाहिन्यांत नॉरॲड्रेनलीनने जे कुलूप दाबून धरलंय, तेच ही गोळी अडवते. प्राझोसिनचा एक दोष डॉक्टरांना माहीत होता: पहिल्या मात्रेनंतर माणूस उभा राहिला तर रक्तदाब एकदम पडून भोवळ येते. म्हणून रुग्णाला तीन तास आडवं ठेवायचं. मात्रा वजनावर ठरवली, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. पहिली मात्रा दिल्यावर तीन तासांनी पुन्हा, आणि नंतर दर सहा तासांनी हातपाय गरम होईपर्यंत. मूल ओकत असेल तर नाकातल्या नळीतून. हळूहळू विरघळणारी लांब पल्ल्याची गोळी इथं कामाची नाही, साधीच हवी. गुण आलाय हे कळायचं कसं? रक्तदाबाच्या यंत्राआधी हात सांगतो. तळवे कोरडे आणि उबदार होतात. आणि बऱ्याचदा, इतका वेळ गप्प असलेली चावल्या जागेची वेदना परत येते. मूल रडायला लागतं, आणि डॉक्टरच्या दृष्टीने ती शुभ खूण असते.

१९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये बावस्कर दांपत्याचा प्राझोसिनवरचा लेख आला. त्यांच्याच लिखाणात पुढे आलेले आकडे असे: १९६१ ते १९८३ या काळात फुफ्फुसांत पाणी भरून २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत; १९८४ पासून, प्राझोसिन आल्यावर, हे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली गेलं. एवढा मोठा फरक घडवणारं औषध महागडं नव्हतं, त्याला शीतगृह लागत नव्हतं, तज्ज्ञही लागत नव्हता. बावस्करांनी हे ज्ञान स्वतःच्या दवाखान्यापुरतं ठेवलं नाही. ते ग्रामीण डॉक्टरांसाठी सतत लिहीत आणि बोलत राहिले.

याच सुमारास परळच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ गो. सुं. महाविद्यालयात डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती प्राण्यांवर प्रयोग करून याच वादळाचा दुसरा पैलू शोधत होते. विंचवाच्या विषाने शरीरातलं इन्सुलिन दबतं, रक्तातली साखर आणि स्निग्धाम्लं वाढतात आणि हृदयाच्या स्नायूला चुकीचं इंधन मिळू लागतं, असं त्यांना दिसलं. त्यावर त्यांनी इन्सुलिनचा उपचार सुचवला. इन्सुलिन दाबण्याच्या कामातही अल्फा जातीच्या कुलपाचाच हात असतो. दोन माणसं दोन टोकांकडून निघाली, एक खाटेशी बसून आणि एक प्रयोगशाळेतून, आणि हृदयाच्या स्नायूपाशी येऊन भेटली. मराठी मुलखातल्या संशोधनाचं हे एक सुंदर पान आहे आणि ते फार कमी लोकांनी वाचलंय.

त्याच विषाने जगाच्या प्रयोगशाळांना वेगळंच काही दिलं. १९९० साली अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या संशोधकांनी लाल विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी वेगळी केली. तिचं नाव इबेरिओटॉक्सिन. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत पोटॅशियमसाठी एक मोठा दरवाजा असतो. स्नायूत कॅल्शियम वाढलं की तो उघडतो आणि स्नायू सैलावतो. इबेरिओटॉक्सिन तेवढाच एक दरवाजा अचूक बंद करतं. त्यामुळे वाहिनी सैल कशी होते हे शोधणाऱ्यांना ते हत्यारासारखं उपयोगी पडतं. वय वाढताना हृदयाच्या धमन्यांमधले हे दरवाजे कमी होतात का, हे तपासणाऱ्यांनीही ते वापरलं आहे. ज्या विंचवाच्या दंशावर म्हातारपणाची गोळी चालली, त्याच विंचवाचं विष म्हातारपणी धमन्या कशा बदलतात याच्या अभ्यासाला लागलं.

प्राझोसिन वादळाचा परिणाम थोपवतं, विष मात्र शरीरात फिरतच राहतं. ते निष्प्रभ करायचं तर प्रतिविष हवं. हाफकिनच्या औषधनिर्मिती महामंडळाने लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केलं, आणि चिपळूणकडचे डॉ. विवेक नातू यांनी मूर्ती यांच्यासह २००६ साली त्याचा अनुभव प्रसिद्ध केला. मग वाद सुरू झाला: गोळी की प्रतिविष? आयुष्यभर प्राझोसिनची बाजू मांडलेल्या बावस्करांनी या वादाचा निकाल प्रयोगावर सोपवला, आणि हे त्यांच्या शास्त्रनिष्ठेचं मोठं उदाहरण आहे. महाडला ७० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. निकाल २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. दोन्ही मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत सावरले, नुसत्या गोळीवरच्यांना जवळजवळ १८ तास लागले. स्वतःच्या औषधाला जोडीदार हवा, हे त्यांनी स्वतःच सिद्ध करून छापलं.

२०२२ साली डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यांत त्यांच्या मूळ जिल्ह्यातलं जालन्याचं होतं आणि १ मे १९९९ ला परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीचंही. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र शिकताना इथली मुलं अल्फा आणि बीटा कुलपं पाठ करतील, प्राझोसिनचं नाव वहीत लिहितील. त्यांच्यातले काही पुढे औंढा, सेनगाव, कळमनुरीकडच्या आरोग्य केंद्रांत नेमले जातील.

त्या केंद्रांपुढचा प्रश्न आता औषधाचा राहिलेला नाही, वेळेचा आहे. हळद काढणीत किंवा आखाड्यावर रात्री चावलेला माणूस आधी भगताकडे गेला तर तीन-चार तास तिथेच जातात, आणि रक्तदाब चढण्याचे तास नेमके तेच असतात. प्राझोसिनचा सर्वांत मोठा लाभ फुफ्फुसांत पाणी भरण्याआधी मिळतो. एकदा फेस यायला लागला की शिरेतली औषधं, प्राणवायू आणि मोठं रुग्णालय लागतं. म्हणून ठणका थांबला एवढ्यावर विसंबू नये, तळहात ओले आणि गार आहेत का ते पाहावं, आणि असतील तर त्याच क्षणी गाडी काढावी. एवढं ज्या घराला ठाऊक आहे, त्या घरातलं मूल वेळेत दवाखान्यात पोहोचतं.